हेच उलटं निघालं असतं तर?

२, ४, ६. हे तीन आकडे एका नियमात बसतात. तो नियम ओळखायचा. आपण हवी तितकी त्रिकुटं सांगायची, समोरचा फक्त ‘बसतं’ किंवा ‘नाही बसत’ म्हणणार. खात्री पटली की नियम जाहीर करायचा. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली लंडनमध्ये हे कोडं २९ विद्यार्थ्यांना घातलं.

मनात पहिल्यांदा येतं ते ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’. मग ८-१०-१२? बसतं. २०-२२-२४? तेही बसतं. १००-१०२-१०४? बसतं. झाली खात्री! आणि उत्तर चूक. नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. पहिल्याच प्रयत्नात तो बरोबर सांगणारे निघाले फक्त ६ जण. ३-७-५० असं एखादं, आपल्या मते न बसणारं त्रिकुट विचारलं असतं, तर ‘बसतं’ हे उत्तर ऐकून मनातला नियम तिथंच कोसळला असता.

हे झालं आकड्यांचं. त्यात कुणाचा जीव अडकलेला नसतो. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चार्ल्स लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी फाशीच्या शिक्षेचे २४ समर्थक आणि २४ विरोधक घेतले. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले: एकात फाशीमुळे खून कमी होतात असा निष्कर्ष, दुसऱ्यात होत नाहीत असा. आपल्या बाजूचा अभ्यास प्रत्येकाला भक्कम वाटला, दुसऱ्याच्या पद्धतीत मात्र खोट दिसली. वाचून झाल्यावर दोन्ही गट आधीपेक्षा जास्त ठाम झाले होते. ही माणसं मूर्ख नव्हती. काढलेल्या शंका बऱ्यापैकी रास्तही होत्या, पण चाळणी एकाच धान्याला लावलेली.

मला खरा महत्त्वाचा वाटतो तो याच मंडळींचा १९८४ चा प्रयोग. काहींना सांगितलं, ‘न्यायाधीशासारखे निःपक्षपाती राहा.’ उपयोग शून्य. (नाहीतरी आपण निःपक्षपाती नाही असं कुणाला वाटतं?) दुसऱ्यांना सांगितलं, ‘हाच अभ्यास, हीच पद्धत, पण निष्कर्ष उलटा आला असता, तर याबद्दल तुमचं मत हेच राहिलं असतं का, हे पायरीपायरीला तपासा.’ यांच्यात मात्र आपल्याच बाजूला झुकण्याचा तो कल दिसला नाही. सद्भावनेनं जे साधलं नाही, ते एका नेमक्या प्रश्नानं साधलं.

आपल्या शास्त्रग्रंथांत सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मांडायची रीत आहे, तीही याच जातीची. हल्ली पूर्वपक्ष म्हणून बहुधा बुजगावणं उभं करतात आणि त्यालाच लोळवतात, तो भाग वेगळा. असल्या नाटकानं भागत नाही, हेही तपासून झालंय. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांनी २००१ साली दाखवलं, की विरोध करायचा म्हणून नेमून दिलेला विरोधक समोर असला की लोक स्वतःच्याच बाजूचे मुद्दे अधिक शोधतात. खरोखर वेगळं मत असलेला माणूस विचार हलवतो.

मग एकट्यानं काय करायचं? डार्विनचा एक नेम होता. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की न चुकता, लगेच लिहून ठेवायची. कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरतात, हे त्याला अनुभवानं कळलं होतं. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या १८५९ च्या ग्रंथात त्यानं सहावं प्रकरण स्वतःच्या सिद्धान्तापुढच्या अडचणींनाच दिलं. सुरुवातीलाच तो सांगतो, की यातल्या काही इतक्या गंभीर आहेत की त्यांचा विचार करताना मी आजही डगमगतो.