सावली दक्षिणेला पडते तेव्हा: दिवस-रात्र आणि ऋतूंच्या कारणामागची पार्श्वभूमी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लातूरला ढग नसले तर दुपारी साडेबाराच्या आसपास अंगणात एक मीटरची काठी सरळ रोवून बघा, सावली पडते जेमतेम नऊ सेंटीमीटर आणि ती पडते दक्षिणेला. म्हणजे सूर्य तेव्हा आपल्या उत्तरेला असतो, हे लोकांना सांगून पटत नाही, काठी दाखवावीच लागते. तीच काठी 21-22 डिसेंबरला तिथंच रोवली तर सावली जवळजवळ 90 सेंटीमीटर, उत्तरेला.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या येळवसला (वेळ अमावास्येला) शेतात कडब्याच्या कोपीपाशी भज्जी-आंबील चालू होती आणि भाचा म्हणला, मामा, थंडी हाय म्हणजे सूर्य लांब गेलाय ना आता? मी म्हणलं, उलटं हाय बाळा, आत्ताच तर तो जवळ हाय. 3 जानेवारीच्या आसपास पृथ्वी सूर्यापासून साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला 15.2 कोटींवर, म्हणजे आपण मे महिन्यात होरपळतो तेव्हा सूर्यापासून लांब-लांबच जात असतो. पोरगं काय पटवून घेईना. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातसुद्धा उन्हाळ्यात सूर्य फार जवळ येतो म्हणून किरण तीव्र होतात असं लिहिलंय, फक्त तिथं जवळ म्हणजे आपल्या बाजूला, डोक्यावर, असं घ्यावं लागतं.

आता गंमत अशी की ऋतूंचा हिशोब माणसाला फार आधीपासून येत होता, कारण मात्र लै उशिरा कळलं. सूर्य कधी उत्तरेला वळतो, दिवस किती मोठा होतो (संभाजीनगरला सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकराचा), मेरूवर म्हणजे उत्तर ध्रुवावर देवांचा दिवस सहा महिन्यांचा आणि रात्रपण सहा महिन्यांची, हे सगळं आपल्या सिद्धांतग्रंथात आहे. पृथ्वी फिरते का आकाश फिरतं, यानं पंचांगात काही फरक पडत नव्हता, आणि माझ्या मते म्हणूनच तो प्रश्न हजारेक वर्ष तसाच लोंबकळत राहिला.

नाहीतर आर्यभटानं 499 च्या सुमारासच सरळ सांगून टाकलं होतं. नावेत बसून पुढं चाललेल्या माणसाला काठावरची झाडं मागं जाताना दिसतात, तसेच जागेवर असलेले तारे आपल्याला पश्चिमेकडं जाताना दिसतात. नुसती उपमा देऊन थांबला नाही गडी, 43,20,000 वर्षांच्या युगात पृथ्वी 1,58,22,37,500 वेळा स्वतःभोवती फिरते हा आकडा दिला. भागाकार केला की एक फेरी 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांची निघते, आजच्या मोजणीशी सेकंदापर्यंत जुळते. तरी लोकांनी ऐकलं नाही. वराहमिहिरानं विचारलं, पृथ्वी फिरत असती तर आकाशात गेलेले पक्षी परत घरट्यात कसे आले असते? ब्रह्मगुप्तानं विचारलं, मग उंच उंच वस्तू पडत कशा नाहीत? आपण आज हसतो, पण तेव्हा याला उत्तर नव्हतं. धावत्या एसटीत वर फेकलेलं नाणं परत हातातच पडतं, कारण नाण्यालाही एसटीचा वेग असतो, ही गोष्ट नीट मांडायला गॅलिलिओ यावा लागला. पुढच्या भाष्यकारांनी तर आर्यभटाच्या श्लोकाचा अर्थच फिरवला, त्याला असं म्हणायचंच नव्हतं म्हणे.

इथं आपल्या मराठवाड्याचा एक धागा आहे जो फारसा कुणाला माहीत नसतो. गोदाकाठच्या पार्थपूरला, म्हणजे अभ्यासक ज्याला परभणी जिल्ह्यातलं पाथरी मानतात तिथं, ज्ञानराज नावाचे ज्योतिषी होते, त्यांनी 1503 च्या सुमारास सिद्धांतसुंदर लिहिला. पुराणातलं सपाट पृथ्वीचं वर्णन आणि सिद्धांतातली गोल पृथ्वी, दोन्हीचा मेळ घालायची त्यांची खटपट, आणि त्याच गणिताच्या ग्रंथात ऋतूंचं एक अख्खं काव्यमय वर्णन. पाथरी म्हणलं की आपल्याला साईबाबांचं जन्मस्थान आहे का नाही हा वाद आठवतो, ज्ञानराज कुणाला आठवत नाहीत. आणि त्याच 1503 मधे तिकडं इटलीत फेराराला कोपर्निकस नावाचा तिशीतला माणूस धर्मकायद्याची डॉक्टरेट घेत होता.

त्याचं पुस्तक आलं 1543 ला. सूर्य मधे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र, सूर्याभोवती फिरते म्हणून वर्ष, इथपर्यंत झकास. पण ऋतूंपाशी त्याची गाडी अडकली. घाण्याचा बैल डोळ्यापुढं आणा. बैल गोल फिरतो तसं त्याचं तोंडपण फिरत जातं, आत्ता पूर्वेला, अर्ध्या फेरीनंतर पश्चिमेला. कोपर्निकसला वाटलं पृथ्वीपण तशीच बांधल्यासारखी फिरते, मग तिचा कललेला आसपण तिच्यासोबत गोल फिरला पाहिजे, आणि तसं झालं तर ऋतू होणारच नाहीत, एकच बाजू कायम सूर्याकडं झुकलेली राहील. म्हणून त्यानं पृथ्वीला तिसरी गती जोडली, आस उलटा फिरवून परत जागेवर आणणारी. खरं म्हणजे त्याची गरजच नव्हती, फिरती भिंगरी तळहातावर घेऊन तुम्ही खळ्याला फेरी मारली तरी तिची आरी ज्या दिशेला आहे त्याच दिशेला राहते, पृथ्वीचंपण तेच.

माझ्या मते ऋतूंच्या सगळ्या गोष्टीत कळीचा मुद्दा हाच आहे आणि शाळेत तो नेमका घाईत उरकतात. आस 23.4 अंश कललेला आहे हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो वर्षभर एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडं, रोखलेला राहतो म्हणून तर जूनला उत्तर भाग सूर्यासमोर येतो आणि डिसेंबरला दक्षिण भाग. समोर आला की ऊन सरळ पडतं, दिवसपण मोठा होतो, दोन्ही मिळून उन्हाळा.

बरं, पृथ्वी खरंच फिरते हे डोळ्यांनी दिसायला 1851 उजाडावं लागलं. पॅरिसच्या पँथिऑनमधे फुको नावाच्या माणसानं 67 मीटरच्या तारेला 28 किलोचा गोळा टांगला, झोका द्यायचा आणि बघत बसायचं, झोक्याची दिशा हळूहळू सरकते कारण खालची जमीन फिरती. पॅरिसला पूर्ण फेरीला 32 तासांच्या आसपास लागतात. असा लंबक लातूरला टांगला तर साधारण 76 तास लागतील, विषुववृत्ताच्या जितकं जवळ तितका उशीर.

पण तोपर्यंत लोकांना पटलेलंच होतं, आणि ते पटलं दुसऱ्या ग्रहांमुळं. दुर्बीण आल्यावर आपली पृथ्वी एकटी राहिली नाही. कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञानं 1666 ला मंगळावरचे डाग बघून तिथला दिवस 24 तास 40 मिनिटांचा काढला, जो तीन मिनिटांच्या आत बरोबर आहे. विल्यम हर्शलनं 1784 ला मंगळाचा कल मोजून सांगितलं की ध्रुवावरचे पांढरे ठिपके लहानमोठे होतात ते ऋतूंमुळं. कल आज 25 अंश धरतात, म्हणजे आपल्यासारखाच, फक्त वर्ष 687 दिवसांचं. आणि भाच्याचं म्हणणं मंगळावर मात्र थोडं खरं ठरतं, कारण मंगळाची कक्षा जास्त लांबट, सूर्यापासून 20.7 ते 24.9 कोटी किलोमीटर, त्यामुळं दक्षिण भागातला उन्हाळा छोटा आणि कडक असतो, मोठी धुळीची वादळंपण बहुतेक त्याच दिवसात उठतात.

गुरूचा कल जेमतेम तीन अंश, तिथं ऋतू नसल्यातच जमा, दिवस दहा तासांचासुद्धा नाही. युरेनस तर आडवाच पडलाय, 98 अंश, वर्ष 84 वर्षांचं, ध्रुवावर 42 वर्ष उजेड आणि 42 वर्ष अंधार. देवांची सहा महिन्यांची रात्र त्यापुढं काहीच नाही. बुधाबद्दल मात्र सगळेच फसले. शिआपारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं 1889 ला सांगितलं की त्याची एकच बाजू कायम सूर्याकडं असते, आणि पुढं 75 वर्ष तेच शिकवलं गेलं, 1965 ला पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रडारनं कळलं की तो 59 दिवसात फिरतो.

आता परत काठीपाशी. लातूरला मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली, आणि जुलैच्या शेवटी परत एकदा येतो, पण तेव्हा तो ढगामागं असतो म्हणून दुसरा उन्हाळा आपल्याला जाणवत नाही. पावसाचं हे वेळापत्रक दख्खनमधे सरकारी कारभारातसुद्धा शिरलं होतं. हिजरी वर्ष चांद्र, दरवर्षी अकरा दिवस मागं सरकणारं, शेतसारा त्यावर कसा वसूल करणार, म्हणून चौदाव्या शतकापासून इकडं शुहूर सन चालला, तो मृग नक्षत्र लागलं की बदलायचा, त्याला मृगसालच म्हणायचे, पेशव्यांच्या कागदात तो सगळीकडं दिसतो.

फक्त भिंगरी जशी डुलते तसा पृथ्वीचा आसपण डुलतो, एका डुलकीला साधारण 26,000 वर्ष. त्यामुळं नक्षत्रं लागायच्या तारखा ऋतूच्या हिशोबानं साधारण 71 वर्षांत एक दिवस पुढं जातात. संक्रांत म्हणूनच 14-15 जानेवारीला येते आणि उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच सुरू होऊन गेलेलं असतं. शुहूर सन सुरू झाला तेव्हापासून मृगपण असाच नऊ-दहा दिवस पुढं सरकलाय. आमच्या आबांना हे सांगितलं तर ते म्हणले, असू दे, आणि सात जूनच्या आधीच पेरणीच्या ट्रॅक्टरवाल्याला पाचशे रुपये इसार देऊन आले.