अंगठा नसता तर नाणं गायब झालंच नसतं

खिशातलं दहाचं नाणं काढा, आत्ताच, वाचता वाचता. डावा तळवा वर, नाणं अंगठा आणि बोटांच्या टोकांत असं उभं धरा की समोरच्याला त्याची छापाची बाजू पूर्ण दिसेल. आता उजवा हात येतो, उजवा अंगठा नाण्याच्या मागून आत शिरतो, बाकीची चार बोटं पुढून पडद्यासारखी येतात, मूठ मिटते आणि उजवा हात नाणं घेऊन बाजूला निघून जातो. म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटतं. खरं तर बोटं आड आली त्याच क्षणी डावा अंगठा किंचित सैल झाला आणि नाणं डाव्याच हातात, बोटांच्या मुळाशी पडलं. मग उजव्या मुठीकडे बघायचं, फुंकर मारायची, एक एक बोट उघडायचं. नाणं नाही.

ह्याला जादूवाले फ्रेंच ड्रॉप म्हणतात. मी हे इंदूरला आमच्या रामबागेत गणपतीत, लग्नाच्या हॉलमध्ये, ट्रेनमध्ये, कितीतरी वर्षं करतोय आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच, "भिया, हात फार फास्ट आहे तुझा." तर आधी हेच सांगतो की हात फास्ट नाहीये. मी ते मुद्दाम हळू करतो, चहाचा कप उचलावा इतक्या आरामात, कारण झटक्यात केलेली हालचाल उलट डोळ्याला खेचून घेते आणि सगळं बिघडतं. नजरेपेक्षा हात वेगवान असतो म्हणून जादू होते हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय पण निदान ह्या ट्रिकमध्ये ते चूक आहे, आणि का चूक आहे हे दाखवणारा एक प्रयोग माकडांवर झालाय, तो मला इतका आवडतो की भेटेल त्याला सांगत असतो.

2023 सालची गोष्ट. केंब्रिज विद्यापीठातले एलियास गार्सिया-पेलेग्रिन हे प्राण्यांच्या मनाचा अभ्यास करणारे, आणि स्वतः बरीच वर्षं जादू केलेले. निकोला क्लेटन ह्यांच्यासोबत त्यांनी 24 माकडांना फ्रेंच ड्रॉप करून दाखवला. नाण्याऐवजी खाऊ, कोणाला शेंगदाणा, कोणाला वाळवलेली अळी, कोणाला मार्शमेलो. खाऊ ह्या हातातून त्या हातात घेतल्यासारखं करायचं, दोन्ही मुठी पुढे धरायच्या, माकड ज्या मुठीकडे बोट करेल ती उघडायची. रिकामी निघाली तर माकड फसलं.

तीन जातींची माकडं होती. कॅपुचिन माकडं हाताची फार हुशार, दगडाने कवच फोडून खाणारी, त्यांचा अंगठा आपल्यासारखा बोटांच्या समोर येतो. ती 81 टक्के वेळा फसली. स्क्विरल मंकी म्हणजे खारीएवढी चिमुकली माकडं, त्यांचा अंगठा कॅपुचिनइतका तयार नाही पण वळतो बऱ्यापैकी, ती 93 टक्के वेळा फसली. आणि मार्मोसेट, ज्यांचा अंगठा बाकीच्या बोटांच्याच ओळीत असतो, समोर येतच नाही, ती फक्त 6 टक्के वेळा फसली. त्यांनी सरळ पहिल्या हाताकडे बोट केलं, जिथे मार्शमेलो आधी दिसला होता आणि जिथे तो खरंच होता.

ह्याचा अर्थ नीट बघा. मार्मोसेट जास्त हुशार आहे म्हणून वाचलं असं नाही. त्याला उजव्या अंगठ्याने काय "केलं" हे कळलंच नाही, कारण मागून अंगठा घालून बोटांच्या चिमटीत वस्तू उचलणं ही गोष्ट त्याच्या शरीरातच नाही. त्याच्यासाठी तो एक हात नुसताच दुसऱ्या हाताजवळ आला आणि गेला. मग संशोधकांनी ट्रिक बदलली, चिमटीऐवजी अख्ख्या मुठीने खसकन खाऊ पकडल्याचं नाटक केलं, जी पकड तिन्ही जातींना जमते, तर मार्मोसेटही फसायला लागली! जी हालचाल स्वतःला करता येते तीच दुसऱ्याच्या हातात "दिसते", आणि जी दिसते तिचा शेवट मेंदू स्वतः पुरा करून टाकतो.

ह्याच मंडळींनी त्याआधी 2021 मध्ये युरोपातल्या जे नावाच्या पक्ष्यांना, कावळ्यांच्याच कुळातले ते, ह्या ट्रिक्स दाखवल्या होत्या. पक्ष्याला हातच नाही, त्यामुळे नाटकी पकडीचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. पण जिथे खाऊ खरोखर झटकन एका हातातून दुसऱ्यात जातो, त्या वेगाच्या ट्रिकला ते फसले. म्हणजे "हात फास्ट आहे" ही तक्रार पक्ष्याने केली तर ती बरोबर आहे, आपल्या तोंडी ती शोभत नाही.

आता मेंदू शेवट पुरा करतो म्हणजे काय, ह्याचाही एक धागा आहे. 1990 च्या दशकात इटलीत पार्मा इथे जाकोमो रिझोलाती आणि त्यांच्या टीमला माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या ज्या माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी पेटतात आणि दुसऱ्याला उचलताना पाहिलं तरी पेटतात. मिरर न्यूरॉन हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, त्यांच्याबद्दल पुढे नको तितकं अफाटही लिहिलं गेलं, पण 2001 चा त्यांचा एक प्रयोग आपल्या नाण्याच्या अगदी जवळचा आहे. वस्तू दाखवली, मग तिच्यापुढे पडदा धरला, हात पडद्याआड गेला. पकडण्याचा क्षण माकडाला दिसलाच नाही, तरी ह्यातल्या बऱ्याच पेशी पेटल्या. पण आधीच दाखवलं की पडद्यामागे काहीच नाहीये, तर हुबेहूब तीच हालचाल करूनही त्या गप्प. फ्रेंच ड्रॉपमध्ये उजव्या हाताची चार बोटं म्हणजे तो पडदा, आणि नाणं आधी नीट, पुरेसा वेळ दाखवायचं असतं ते ह्याचसाठी असं मला वाटतं. नवीन पोरं घाईत नाणं दाखवतच नाहीत.

करणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर अडचण वेगळी आहे. खरं पकडणं आणि पकडल्याचं नाटक ह्यात फरक पडतो, बोटं किती उघडतात, कधी मिटायला लागतात, हे सगळं नाटकात वेगळं होतं आणि बघणाऱ्याला कारण न कळताही खटकतं. 2011 मध्ये जादूगार आणि साधी माणसं ह्यांच्या बोटांना मार्कर लावून हे मोजलं गेलं. समोर वस्तू ठेवलेली, पण ती न उचलता तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेतून तशीच वस्तू उचलल्यासारखं करायचं. साध्या माणसांची बोटं लगेच खोटी पडली, जादूगारांची खोटी पकड खऱ्यासारखीच निघाली. पण वस्तू नजरेसमोरून काढून घेतली की जादूगारही इतरांसारखेच! म्हणजे त्यांची करामत कल्पनाशक्तीची नव्हती, खऱ्या वस्तूकडे बघून तिच्या मापाची पकड दुसऱ्या जागी लावायची सवय त्यांच्या हाताला लागलेली होती.

म्हणून मी शिकवताना सांगतो की दहा वेळा नाणं खरंच घ्या. अकराव्या वेळी घेऊ नका. आरशात दोन्ही सारखं दिसेपर्यंत हेच, महिना लागला तर महिना.

हाताबद्दलही थोडं, कारण लोकांना वाटतं की बोटांत ताकद हवी. बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट ह्या भागात आणि तळव्यात असतात, बोटांपर्यंत येतात त्या नुसत्या दोऱ्या, टेंडन. नाणं तळव्यात लपवून ठेवायची जी मुख्य पकड आहे, क्लासिक पाम, ती अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल गादीवर आणि समोरच्या करंगळीखालच्या गादीवर चालते, नाणं ह्या दोघांत चिमटतं आणि बोटं मोकळी राहतात, त्या हाताने पेन धरता येतं, टाळी सुद्धा देता येते. दहाच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, मोठ्या हाताला ते जरा लहान पडतं. परदेशातले जादूगार अमेरिकन हाफ डॉलर वापरतात, तो 30.6 मिलिमीटर आणि 11.34 ग्रॅम. आणि आपल्याकडचा राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला चांदीचा, जो धनत्रयोदशीला लक्ष्मीपूजनासाठी इंदूरच्या सराफ्यात, सोन्याचांदीच्या बाजारात, लोक मागतात, तो 11.66 ग्रॅम आणि मापाने जवळपास तेवढाच, कडेला खाचा, त्यामुळे कातडीत छान रुततो. मी त्याच्यावरच शिकलो. थंडीत तळवे कोरडे पडले की मात्र तोही निसटतो, हात किंचित ओलसर लागतात.

सराफ्याचं नाव निघालंच आहे तर रात्री दुकानांची शटरं पडल्यावर तिथे जो दहीबडा मिळतो तो आठवा. दह्याने भरलेला दोना, म्हणजे द्रोण, हवेत उडतो, परत हातात येतो, दही सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एक एक करून वेगळे पडतात. मी तिथे दोन्याकडे न बघता लोकांकडे बघत उभा राहतो. सगळ्यांच्या माना एकदम वर. कोणी सांगितलेलं नसतं, वाढणाऱ्याची मान वर गेली की सगळ्यांची जाते.

ह्याच गोष्टीवर गुस्ताव कून ह्यांनी 2006 मध्ये ब्रिटनमध्ये प्रयोग केला, तेही स्वतः जादूगार. चेंडू दोनदा वर उडवून झेलायचा, तिसऱ्यांदा फक्त उडवल्याचं नाटक, चेंडू हातातच, पण नजर वर. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की चेंडू वर गेला आणि हवेत नाहीसा झाला. जो चेंडू उडलाच नाही तो त्यांना दिसला! आणि जादूगाराने वर न बघता हाताकडे बघितलं तर फसणारे एक तृतीयांशाच्या आसपास आले. त्याहून भारी म्हणजे डोळे कुठे फिरतात हे मोजणाऱ्या यंत्रात दिसलं की बऱ्याच जणांचे डोळे वर गेलेच नव्हते, ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे फसले नाहीत. माणूस फसला.

डोळ्यांचं तसंही असं आहे की हात लांब करून अंगठा धरलात तर त्याच्या नखाएवढ्याच भागात आपल्याला बारीक स्पष्ट दिसतं, बाकी सगळं धूसर, आणि डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारत तो छोटासा स्पष्ट तुकडा इकडे तिकडे फिरवत राहतात. उडी चालू असताना दिसणं जवळपास बंद असतं, आपल्याला ते जाणवत नाही इतकंच. हात सरळ रेषेत गेला तर डोळा उडी मारून थेट शेवटाला पोचतो आणि लगेच जिथून निघाला तिथे परतू शकतो, पण हात गोलाईत गेला तर डोळा त्याच्यामागे घरंगळत जातो आणि मागच्या हाताला विसरतो. अपोलो रॉबिन्स नावाचा स्टेजवर लोकांचे खिसे कापून दाखवणारा कलाकार हे अनुभवाने सांगायचा, 2011 मध्ये प्रयोगशाळेत ते तपासलं गेलं आणि गोलाईचा परिणाम खरोखर जास्त निघाला. मी तेव्हापासून उजवी मूठ कमानीत नेतो.

पत्त्यांमध्ये अंगठ्याचा भाग कमी आणि मनाचा जास्त. आपण घरी कॅट हातावर धरून थोडे थोडे पत्ते पुढे टाकत पिसतो ना, ते गणिताने फारच कमकुवत पिसणं आहे, 52 पत्ते खरे मिसळायला असं हजारो वेळा करावं लागेल, तर दोन गठ्ठे करून फर्रर्र एकमेकांत घुसवले तर सात वेळा पुरतं, हे 1992 मध्ये बायर आणि डायकोनिस ह्यांनी दाखवलं. पर्सी डायकोनिस हे स्वतः चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगाराबरोबर हिंडलेले आणि मग गणिताचे प्रोफेसर झालेले. बदामाची राणी वर ठेवून मी तीनदा पिसतो आणि ती वरच राहते, कोणाला शंकाही येत नाही, कारण पिसलं म्हणजे मिसळलं हा हिशोब आपला आपणच लावलेला असतो.

पण पत्त्यांच्या हातचलाखीने विज्ञानाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट स्वीडनमधली आहे. लुंड विद्यापीठात पेटर योहान्सन आणि लार्स हॉल ह्यांनी 2005 मध्ये 120 लोकांना पत्त्याएवढे फोटो दाखवले, दोन चेहरे, ह्यातला जास्त आवडलेला निवडा. मग तो फोटो हातात देऊन विचारलं, हाच का आवडला? मधेच काही वेळा हातचलाखीने अदलाबदल करून न निवडलेला फोटो दिला. शंभरातल्या तेरा वेळाच तिथल्या तिथे ते लक्षात आलं. बाकी लोक, जो चेहरा त्यांनी नाकारला होता त्याच्याबद्दल मनापासून कारणं सांगत बसले, एकाने तर कानातले आवडले म्हणून सांगितलं, आणि निवडलेल्या फोटोत कानातले नव्हतेच. मला हे वाचून रात्री नीट झोप लागली नव्हती. नाण्याचा शेवट मेंदू पुरा करतो इथपर्यंत ठीक, पण आपल्या स्वतःच्या आवडीचा शेवटही तो असाच भरून काढत असेल तर?

एक माणूस मात्र माझ्या फ्रेंच ड्रॉपला कधीच फसला नाही, ती म्हणजे माझी आजी. तिचं माहेर सराफ्यातल्या पेढीचं. लहानपणी मी राणीछाप रुपया घेऊन सगळ्या घराला दाखवत होतो, मामा, काकू, सगळे उजव्या मुठीकडे बघत होते, आणि आजी देवापाशी डोळे मिटून जप करत होती. मी मूठ उघडायच्या आधीच ती म्हणाली, "डाव्यात आहे रे, अंगठीवर वाजला." तिच्या वडिलांकडे रुपया खरा की खोटा हे वाजवून बघायचे, बारा भागात अकरा भाग चांदी असलेलं ते नाणं कशावरही आपटलं तरी लांब गुणगुणतं, ते तिच्या कानात बसलेलं होतं, आणि माझ्या उजव्या हाताने डोळ्यांसाठी जे काही रचलं होतं ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यानंतर ट्रिक करायच्या आधी मी अंगठी काढायचो आणि तिच्याकडे ठेवायला द्यायचो.