100 वर्षांचं चित्र विकत घेतलं तर सरकार उचलून नेतं?

आपल्या नागपुरात हे वर्षानुवर्षं ऐकतोय. परवा मावसभाऊ पण तेच म्हणाला, जुनं चित्र लिलावात घेऊ नको, पुरातत्त्ववाले जप्त करतात. असं नाहीये रे बाबा! 1972 चा पुरावशेष कायदा आहे, त्यात 100 वर्षं किंवा जास्त जुनं चित्र म्हणजे पुरावशेष, पण ते भारतात विकत घ्यायला, घरी लावायला कुठेच बंदी नाही. बंदी आहे ती देशाबाहेर न्यायला. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाला पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. दुसरं, अशा चित्राची नोंदणी लागते आणि मालक बदलला की विकणाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं, धंदा करणाऱ्याला तर लायसन्सच लागतं. म्हणून बोली लावायच्या आधी नोंदणीचा कागद मागा, लाजू नका.

आणि वय कसं कळणार? फ्रेम उलटी करून मागची बाजू बघा. मी एकदा सातपुड्याच्या डोंगराचं वॉटरकलर असंच पाहिलं, पुढून पिवळसर, जुनाट, आणि मागे कागद पांढराशुभ्र, स्टेपल पिनासुद्धा चकचकीत! तिथेच परत ठेवलं.

नुसत्या सहीवर तर अजिबात जाऊ नका. चित्रकार आबालाल रहिमान 1931 मध्ये गेले, कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाची त्यांची निसर्गचित्रं लोकांना माहितीयेत, मग कोणीही खाली तसं नाव टाकू शकतो ना. हे चित्र आधी कोणाकडे होतं, कधी विकलं गेलं, ते लेखी द्या म्हणावं.