हेवी एक्सल टाकल्यावर ब्रेक पॅडल मऊ पडलं? आधी हे वाचा

पिकअपला नाहीतर छोट्या ट्रकला हेवी एक्सल टाकला, स्प्रिंगचे पाटे वाढवले, गाडी दणकट झाली आणि मग फोन येतो की भाऊ ब्रेक मऊ लागून राहिले, पॅडल अर्ध्याच्या खाली जाते. असे फोन आमच्या गॅरेजला इतके येतात की शेवटी छापूनच टाकलं. हे फक्त ऑइल ब्रेकच्या गाड्यांसाठी आहे बरं का, हवेच्या ब्रेकची गोष्ट वेगळी.

आधी गाडी सपाट जागी उभी करा, चाकाला दगड लावा, इंजिन चालू ठेवा आणि पॅडल दाबून धरा. पाय तसाच ठेवला आणि पॅडल हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचे (पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलतो तो) रबरी वायसर आतून गेलेत, अशी गाडी चालवत आमच्याकडे आणू नका, टोचन करून आणा. दोन-तीन पंप मारल्यावर पॅडल वर येऊन घट्ट होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे नाहीतर मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) ड्रमपासून लांब आहेत. या दोघांतलं कोणतं ते घरीच कळतं, हँडब्रेक मागच्या लायनरवर असेल तर तो थोडा ओढा आणि मग पॅडल दाबा, पॅडल वरच लागलं तर आधी लायनर सेट करून घ्या, नुसती हवा काढून उपयोग नाही.

हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाड्यांत बहुतेक मागचं डावं (मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो धरा). पण नवीन एक्सलवर दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक म्हणजे डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबून चाक थांबवतो तो) डावा-उजवा उलटा बसतो, बोल्ट सगळे बरोबर लागतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण हवा काढायचं निप्पल खाली जातं आणि हवा तर वरच बसते, मग तुम्ही दिवसभर पॅडल मारा, बाटलीभर ऑइल वाया जाईल, हवा तिथेच. निप्पल वरच पाहिजे.

दुसरी जागा लोड व्हॉल्व्हची. चेसिसवर हा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी मागच्या एक्सलला जोडलेली असते, माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी उचलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. नवीन एक्सलला त्या दांडीचा ब्रॅकेट बऱ्याचदा नसतोच, मग कुणीतरी दांडी तारेने बांधून देतो नाहीतर लटकती सोडतो. लटकली की व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे आणि भरलेल्या गाडीलाही मागचे ब्रेक कमीच देतो. ब्रॅकेट बनवून घ्या, आणि मागची हवा काढताना दांडी वर उचलून धरायला एक माणूस ठेवा.

आता हे सगळं ठीक निघालं, हवा नाही, गळती नाही, लायनर सेट आहेत आणि तरी पॅडल लांब जातं, तर दोष कशातच नाही, माप जुळत नाहीये. समजा चाकावरचा जुना पिस्टन 48 मिमीचा होता आणि नवीन 57 चा, तर तेवढंच सरकायला त्याला सुमारे 41 टक्के जास्त ऑइल लागतं, आणि जुना मास्टर एका दाबात देतो तेवढंच देतो, लोट्याने हौद भरल्यासारखं. म्हणून पॅडल खोल जातं, पण पिस्टन मोठा असल्याने गाडी मात्र थांबते. अशा वेळी बूस्टर (पायाचा जोर वाढवतो तो डबा) बदलून काही होत नाही, उगाच खर्च. मास्टरचा बोर (आतल्या भोकाचा व्यास) वाढवावा लागतो. 22.22 मिमीचा काढून 25.40 चा टाकला तर तेवढ्याच दाबात सुमारे 30 टक्के जास्त ऑइल जातं. पाय मात्र थोडा जड लागेल, आणि गरजेपेक्षा मोठा बोर टाकला तर पॅडल दगडासारखं होऊन ब्रेकच कमी लागतील, म्हणून दुकानदार देईल तो मास्टर उचलू नका, आधी चारही चाकांचं माप काढा. नवीन मास्टर गाडीवर चढवायच्या आधी वाइसमध्ये धरून त्याची हवा काढून घ्यायची, हे बरेच मेकॅनिक टाळतात.

ऑइल डॉट 3 की डॉट 4 ते झाकणावर लिहिलेलं असतं. ताजं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग 140 पर्यंतही उकळू शकतं. नागपूर-सिवनी रस्त्यावरच्या कुरई घाटात भरलेली गाडी ब्रेकवर उतरवली तर चाकाशी एवढी गरमी सहज होते, आणि सकाळी नागपूरच्या वाडीतून घट्ट पॅडल घेऊन निघालेली गाडी परतताना तिथे मऊ पडते. उघडी पडलेली बाटली वापरू नका. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळायचं नाही.

आणि एक, हेवी एक्सल टाकला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल परस्पर करता येत नाही, आधी आरटीओत विचारा, पासिंगला अडकल्यावर आमच्यावर चिडू नका.

येताना जुना कॅलिपर किंवा व्हील सिलेंडर भंगारात दिला नसेल तर सोबत आणा, आरसीची झेरॉक्स आणा, आणि गाडी रिकामी करून आणा.