सहलीआधीचा तास

तारांगणाची किंवा अवकाश केंद्राची सहल ठरली की आदल्या आठवड्यात वर्गात एक तास हमखास होतो. ग्रहांची नावं, पहिला उपग्रह, चंद्रावरचं पहिलं पाऊल. मुलं निमूटपणे वहीत उतरवून घेतात. गंमत म्हणजे आधी आली ती सहल. तास बराच नंतर आला.

1923 मध्ये म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये झाइस कंपनीच्या प्रक्षेपकाने घुमटावर हजारो तारे उमटवून दाखवले. पण यंत्र महागडं, त्यामुळे तारांगणं मोजक्या मोठ्या शहरांतच उभी राहिली. त्यावर 1940 च्या दशकाअखेरीस अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ यांनी सोपी युक्ती काढली. बारा बाजूंचं एक पोकळ खोकं, ताऱ्यांच्या जागी बारीक भोकं आणि आत एक दिवा. अंधार करून दिवा लावला की छतावर आकाश! हे शाळांना परवडण्यासारखं होतं.

मग 4 ऑक्टोबर 1957 ला सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला आणि अमेरिकेचं धाबं दणाणलं. पुढच्याच वर्षी विज्ञान-गणिताच्या शिक्षणासाठी कायदा झाला, त्या पैशातून अनेक शाळांत छोटी तारांगणं आली. अवकाश हा अभ्यासाचा विषय झाला तो असा, कुतूहलापेक्षा धास्तीपोटी.

सहलीआधी मुलांना नेमकं काय सांगावं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. 1978 मध्ये संशोधक जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अनोळखी जागी नेलेल्या मुलांचं लक्ष दिलेल्या कामापेक्षा त्या जागेकडेच जास्त जातं. कोणत्याही शिक्षकाला हे ठाऊक असतंच. घुमटाखाली दिवे मालवले की पहिली पाच मिनिटं नुसती खुसपुस.

1986 मध्ये अमेरिकी शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ अवकाशातून दोन धडे शिकवणार होत्या. त्यातल्या एकाचं नावच ‘सर्वांत मोठी सहल’ अशा अर्थाचं होतं. 28 जानेवारीला उड्डाणानंतर 73 सेकंदांत त्यांचं चॅलेंजर हे अवकाशयान हवेतच फुटलं. सातही अंतराळवीर गेले. कितीतरी वर्ग ते दूरचित्रवाणीवर थेट पाहत होते. अंतराळवीरांच्या कुटुंबीयांनी त्यांची आठवण म्हणून मुलांसाठी केंद्रं काढायचं ठरवलं. पहिलं 1988 मध्ये ह्यूस्टनला निघालं. अशा केंद्रांत मुलं निम्मी नियंत्रण कक्षात, निम्मी यानात बसून मोहीम पार पाडतात. त्याची तयारी शाळेतच सुरू होते. दिशादर्शन कोणाकडे, संपर्क कोणाकडे, हे आधीच वाटून घेता येतं. मूल केंद्राच्या दारात येतं ते आपलं काम ठाऊक असलेलं.

1990 च्या दशकात इस्रायलचे संशोधक निर ओरियन आणि अवी हॉफ्स्टाइन यांनी अनोळखी जागेचा फॉक यांचा धागा पुढे नेला. सहलीतल्या नवखेपणाचे त्यांनी तीन भाग पाडले: विषयाचा, जागेचा आणि मनाचा, म्हणजे तिथे काय होणार हे ठाऊक नसण्याचा. आपला सहलीआधीचा तास बहुतेक वेळा पहिल्यावरच संपतो. आत नकाशा कसा आहे, अंधारात किती वेळ बसायचं, डबा कधी खायचा, शौचालय कुठे, हे सांगायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ते फळ्यावर लिहून झालं की मग गुरूचे चंद्र.