लायफर आहे म्हणून फोटो चांगला ठरत नाही

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळ्यांचेच फोटो कडक दिसतात हो. २४ मेगापिक्सेल म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल, आणि ती तीन इंची स्क्रीन दाखवते जेमतेम साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे पक्ष्याचा डोळा थोडा हललेला असला तरी तिथे कळतच नाही. घरी लॅपटॉपवर शंभर टक्के झूम केलं की मग तोंड पडतं.

त्यात लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, असेल तर विचारूच नका. तिबोटी खंड्यासाठी भर पावसात व्हाळाच्या काठावर पायाच्या जळवा काढत बसलेला माणूस स्वतःच्या फोटोकडे तिऱ्हाइतासारखा बघणार कसा? २०१२ साली मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला होता, त्यात नवख्या लोकांना ओरिगामी करायला दिली, तर स्वतः केलेल्या वेड्यावाकड्या कागदाला ते सरासरी २३ सेंट द्यायला तयार, आणि बाकीचे लोक तशाच कागदांना फक्त ५. आपल्या फोटोंचं पण हेच होत असणार, माझी तरी खात्री आहे. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या साइटवर फोटोला १ ते ५ स्टार देताना पक्षी किती दुर्मिळ ते धरायचं नाही, फोटो कसा आलाय तेवढंच बघायचं, हा नियम मला म्हणूनच आवडतो.

किनाऱ्यावर अजून एक भानगड असते. गुहागरच्या पुळणीवर अकराच्या उन्हात लांबवर बसलेला चिखल्या टिपून बघा. वाळू तापलेली, तिला लागून असलेली हवा गरम आणि विरळ, वरची त्या मानाने थंड, दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वाकतो आणि हवा सारखी हलत असल्याने दर फ्रेमला वेगळा वाकतो. मग चोच एका फोटोत जाड, लगेच पुढच्यात बारीक! आणि हा चिखल्या लेसर की ग्रेटर सँड प्लोव्हर, या सारख्या दिसणाऱ्या दोघांतला कोणता, हे ठरवायला नेमकी चोचीचीच लांबी-जाडी बघावी लागते. इथे महागातली लेन्स घेऊन पण उपयोग नाही, शटर वाढवून पण नाही, कारण गडबड लेन्सच्या पुढे हवेत आहे. उजाडताच जायचं, नाहीतर थवा न उठवता जमेल तेवढं जवळ सरकायचं. नंतर एआय शार्पनिंग मारू नका प्लीज, ते नसलेली पिसं पण काढून देतं आणि ओळखणारा फसतो.

उडत्या कुरवाचं (सीगलचं) गणित वेगळं. तो सेकंदाला १० मीटरने २० मीटरवरून आडवा गेला, लेन्स ६०० एमएम आणि कॅमेरा स्थिर, तर १/२००० सेकंद शटरला पण सेन्सरवर प्रतिमा ०.१५ मिलिमीटर सरकते, म्हणजे २४ मेगापिक्सेलला सेन्सरच्या आकाराप्रमाणे साधारण २५ ते ४० पिक्सेल. त्यामुळे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवता आला नाही तर नुसत्या शटरच्या भरवशावर राहू नका.

पण डिलीट मारायच्या आधी पाय बघा. आभाळ पांढरं फटक, पक्षी अर्धा कापलेला, एक स्टारचा फोटो, पण पायातल्या रंगीत फ्लॅगवरची (अभ्यासकांनी ओळखीसाठी बसवलेल्या पट्टीवरची) अक्षरं वाचता येत असतील तर हा पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता ते शोधता येतं. असा फोटो तारीख आणि जागा लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) पाठवा, क्रॉप करून सुंदर करायच्या भानगडीत पडू नका.