ई-पुस्तक : फाइलची सिद्धता व स्वप्रकाशन

ई-पुस्तकाची सिद्धता : लिहून झालेला मजकूर मोबाइल, टॅब्लेट, संगणक किंवा किंडलसारख्या वाचनयंत्रावर नीट वाचता येईल अशा फाइलमध्ये बांधणे. ती फाइल लेखकाने स्वतःच ऑनलाइन पुस्तकविक्रीच्या मंचावर चढवली, मध्ये प्रकाशक नसला, की ते स्वप्रकाशन होते. छापील पुस्तकात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी, बांधणी आणि वितरण ही कामे चार-पाच जणांत वाटलेली असत. येथे ती सगळी एकट्याच्या अंगावर येतात. फाइल चढवणे हे तासाभराचे काम आहे. त्याआधीची तयारी महिना खाते, आणि मराठी ई-पुस्तक बिघडते ते बहुधा या तयारीतच, थेट अक्षरांत.

सातारा जिल्ह्यात पुस्तके घडवण्याची परंपरा जुनी आहे. औंध संस्थानात पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदसंहिता छापल्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश वाईत आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. महाबळेश्वर तालुक्यातले भिलार ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. आज या भागात लिहिणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, गडकोट पालथे घालणारे भटके आहेत, आपल्या गावाचा इतिहास कागदपत्रांतून जमवणारे आहेत. त्यांची पुस्तके बरेचदा पदरमोड करून निघतात. पाचशे प्रती छापायच्या, प्रकाशन समारंभात शंभर-दीडशे जायच्या आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर चढायचे, ही गोष्ट नवी नाही. अशा लेखकाला ई-पुस्तक खरोखर उपयोगी आहे. छपाईचा खर्च नाही, प्रती संपत नाहीत, आणि माण-खटावातून मुंबईला गेलेल्या माणसाला आपल्या गावावरचे पुस्तक घरबसल्या मिळते.

अक्षरे : जिल्ह्यातल्या कोणत्याही डीटीपी केंद्रावर जुन्या पुस्तकाची फाइल मागितली, तर ती बहुधा पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये, श्रीलिपी, आकृती किंवा शिवाजी अशा फाँटात जुळवलेली निघते. या फाँटांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात: अर्धा त एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. कागदावर छापायला ते पुरेसे होते. तो फाँट नसलेल्या मोबाइलवर मात्र त्याच पानावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. ई-पुस्तकाला यूनिकोड, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याची जगभर चालणारी पद्धत, लागते. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे आणि प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, मग फाँट कोणताही असो.

जुना मजकूर यूनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘कार्तिक’ हा शब्द पाहावा. जुन्या फाँटात तो दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: क, काना, पहिली वेलांटी, त, वरचा रफार, क. यूनिकोडला उच्चाराचा क्रम हवा: क, काना, र, हलन्त, त, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी उचलून त-च्या नंतर न्यायची आणि रफार उचलून त-च्या आधी आणायचा. ही उचलठेव चुकली की ‘कातिर्क’ होतो, ‘पार्टी’ची ‘पाटीर्’ होते. रूपांतर झाल्यावर रफाराचा प्रत्येक शब्द हुडकून तपासणे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

सातारकरांना याहून जवळची अडचण त्यांच्याच नकाशावर आहे. कऱ्हाड. त्यातला ‘ऱ्ह’मधला आडवा र मराठीची खास खूण आहे. यूनिकोडमध्ये तो दोन प्रकारांनी लिहिता येतो: एक, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे न दिसणारे चिन्ह द्यायचे. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, शोध घेताना मात्र ते वेगळे शब्द ठरू शकतात. पुस्तकाच्या अर्ध्या भागात एक पद्धत आणि अर्ध्यात दुसरी असेल, तर वाचकाला शोधपेटीतून अर्धेच कऱ्हाड सापडेल. याहून वाईट म्हणजे ‘फालतू चिन्हे काढून टाका’ अशी सफाई करताना ते अदृश्य चिन्ह गळून जाते आणि कऱ्हाडचे ‘कर्हाड’ होते. प्रश्न केवळ दिसण्याचा नाही, अर्थ बदलतो. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या की भटकंतीच्या पुस्तकात समुद्र शिरतो. लग्नघरच्या ‘आचाऱ्यास’ बोलावले तर ‘आचार्यास’ निरोप जातो. संपूर्ण पुस्तकासाठी एकच पद्धत, शक्यतो ऱ आणि हलन्ताची, ठरवावी आणि शोधा-बदला करून ती सगळीकडे लावावी. गावाचे नाव ‘कराड’ असेही लिहिले जाते, म्हणून मंचावर शोधशब्द देताना दोन्ही रूपे द्यावीत.

विसर्गाचेही असेच. ‘दुःख’ लिहिताना घाईत विसर्गाऐवजी अपूर्णविराम पडतो; ‘दु:ख’ डोळ्यांना जवळजवळ तसेच दिसते, पण संगणकाच्या लेखी शब्द मध्येच तुटलेला असतो. उलट चूकही सर्रास होते, अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाकला जातो. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र जोडून लिहिलेला असतो, तोही एकसारखा करून घ्यावा.

फाइलच उरली नसेल आणि हातात फक्त जुने छापील पुस्तक असेल, तर पाने स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राने, मजकूर काढता येतो. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखते. खिळ्यांच्या छपाईत ते घ-ध, भ-म, थ-य यांत आणि ‘ख’ व ‘रव’ यांत फसते. स्कॅन केलेले पान आणि निघालेला मजकूर शेजारीशेजारी ठेवून एकदा पूर्ण वाचावे लागतेच.

फाइलची घडण : ई-पुस्तकाचे सर्वमान्य रूप ईपब हे आहे. त्याची तिसरी आवृत्ती २०११ साली आली. आज हे मानक डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानके ठरवणारी संस्था सांभाळते. ईपब म्हणजे मुळात एक झिप फाइल. तिच्यात प्रकरणे वेबपानांसारखी असतात, सोबत मांडणीचे नियम, चित्रे, अनुक्रमणिका आणि पुस्तकाची माहिती सांगणारी एक फाइल असते. या माहितीत भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत असलाच पाहिजे. तो इंग्रजीचा राहिला तर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय गोंधळते. चांगल्या फाँटात ल आणि श यांची मराठी वळणे भाषा पाहूनच निवडली जातात. संकेत चुकला तर पुस्तकभर हिंदी वळणाचा ल दिसत राहतो. एकदा बसवला की पुन्हा पाहावे लागत नाही, म्हणूनच हा रकाना विसरला जातो.

पीडीएफ हे ई-पुस्तक नव्हे, असे येथे स्पष्ट म्हणायला हवे. पीडीएफ हे पानाचे छायाचित्र असल्यासारखे असते. मोबाइलवर ते बोटांनी मोठे करून डावी-उजवीकडे सरकवत वाचावे लागते. ईपबमधला मजकूर पाण्यासारखा पडद्याचा आकार घेतो, आजोबा अक्षर मोठे करून वाचतात आणि नात लहान करून. ई साहित्य प्रतिष्ठानने पीडीएफच्या रूपात मराठी पुस्तके विनामूल्य घरोघर पोचवली, ते काम मोठेच आहे. परंतु विक्रीसाठी पुस्तक बांधायचे तर ईपबचे कष्ट घ्यावेत.

सुरुवात वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये करता येते. प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग’ची शैली द्यावी, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला स्पेसबार दाबत बसू नये, शैलीत तसे ठरवावे. नवे प्रकरण नव्या पानावर आणायला एंटरची माळ लावू नये. पडद्याचा आकार बदलला की ती माळ कुठेही पसरते. पानक्रमांक काढून टाकावेत, कारण येथे पान स्थिर नसते. ‘पान ४७ पाहा’ असे लिहिले असेल तर तिथे दुवा द्यावा. लिबरऑफिस ६.० पासून थेट ईपब काढून देते. पुढची बारीक दुरुस्ती सिजिल या मोफत संपादकात होते. ईपबचेक हे साधन फाइल मानकाला धरून आहे का ते सांगते.

मांडणीचे इंग्रजीतले काही प्रकार देवनागरीला सोसत नाहीत. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेघ तुटते. प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौस असेल, तर ‘स्त्री’ या शब्दातून नुसता ‘स्’ बाजूला निघता कामा नये, पूर्ण जोडाक्षर वेलांटीसह मोठे व्हायला हवे. दोन्ही कडा सरळ ठेवल्या की मोबाइलच्या अरुंद ओळीत लांब सामासिक शब्दांमुळे मोठमोठ्या पोकळ्या पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवलेली बरी. अभंग, ओव्या आणि पोवाडे यांत ओळ मोडून खाली आली तर ती थोडी आत सरकलेली असावी, नाहीतर चरण कुठे संपला ते कळत नाही. मुक्ता, शोभिका हे मुक्त परवान्याचे फाँट फाइलमध्ये घालता येतात. शोभिका आयआयटी मुंबईने तयार केलेला असून संस्कृत जोडाक्षरांसाठी विशेष भरवशाचा आहे.

हक्क : आधी छापलेल्या पुस्तकाचे ई-पुस्तक करताना प्रकाशकाशी झालेला करार काढून वाचावा. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद केली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसल्यास ते हक्क हस्तांतरित होत नाहीत. मुखपृष्ठाचे चित्र आणि आतली छायाचित्रे यांचे हक्क वेगळे असतात. चित्रकाराला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

चढवणे : ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग (केडीपी) या स्वप्रकाशनाच्या मंचावर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून घेतली जाऊ लागली. गुगल प्ले बुक्सवरही लेखकाला खाते उघडता येते. केडीपीवर तीन पाने भरायची असतात: पुस्तकाची माहिती, मजकूर व मुखपृष्ठ, आणि किंमत. मुखपृष्ठ २५६० पिक्सेल उंच व १६०० रुंद असावे. ते दुकानात बोटाच्या पेराएवढे दिसते, तेवढ्यात शीर्षक वाचता आले पाहिजे. मुखपृष्ठावरचे, आतले आणि रकान्यातले नाव अक्षरशः एकच ठेवावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, ई-पुस्तकाला तेथे सक्तीचा नाही. हवा असल्यास राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो भारतात विनामूल्य मिळतो, मात्र छापील प्रतीचा क्रमांक ई-पुस्तकाला लावता येत नाही.

किंमत ठरवताना फाइलचे वजन मोजावे. भारतातील विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर किंमत ४९ ते ३९९ रुपयांत असावी लागते, पुस्तक केडीपी सिलेक्ट या योजनेत घालून ९० दिवस इतरत्र डिजिटल रूपात विकायचे नसते, आणि दर एमबीला ७ रुपये पोचवणीखर्च वजा होतो. कास पठारावरच्या फुलांचे २० एमबीचे सचित्र पुस्तक १९९ रुपयांना ठेवले, तर १४० रुपये पोचवणीतच जातात आणि उरलेल्या ५९ रुपयांचे ७० टक्के, म्हणजे जेमतेम ४१ रुपये लेखकाला मिळतात. ३५ टक्क्यांच्या पर्यायात पोचवणीखर्च नसतो, तेथे जवळपास ७० रुपये पडतात. चित्रे आटोपशीर करून फाइल २ एमबीवर आणली, तर ७० टक्क्यांच्या पर्यायात हाच आकडा करपूर्व सुमारे १२९ रुपये होतो. मंच हे दर बदलू शकतो, म्हणून चढवण्याच्या दिवशी पुन्हा पाहून घ्यावे.

प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर सुधारित फाइल पुन्हा चढवता येते. पण आधी विकत घेतलेल्या वाचकाच्या यंत्रात ती आपोआप जाईलच असे नाही. म्हणून प्रकाशनाचे बटण दाबण्याआधी किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये फाइल मोबाइल आणि टॅब्लेट अशा दोन्ही आकारांत उघडावी, अक्षर सगळ्यात मोठे करून चार पाने वाचावीत. मग शोधपेटीत ‘कऱ्हाड’ लिहावे आणि मूळ हस्तलिखितात ते जितक्या वेळा आले आहे तितक्याच वेळा सापडते का, ते मोजावे.